ऑस्बींनी वळलेली ट्रफलं

वेंडल ऑस्बींनी आयुष्यभर दुसऱ्यांची बांधकामं नापास केली. मिनेसोटातल्या लिटल हेरॉन गावात आणि आसपासच्या पंचक्रोशीत ते काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, इमारत तपासनीस होते. कुणी घराला ओसरी जोडली, मागच्या दाराला जिना लावला, की ऑस्बी खिशातून टेप काढत तिथे हजर. पायरी इंचभर कमी भरली तर ‘तोडा’ एवढा एकच शब्द बोलायचे आणि गाडीत जाऊन बसायचे. आता निवृत्त झाले होते, तरी ते रस्त्याने जाताना दिसले की माणसं उगाच आपापल्या जिन्यासमोर उभी राहून तो झाकायला बघत. ह्याला काही लोक दरारा म्हणतात. ऑस्बीही म्हणत.

अशा माणसाची अब्रू जानेवारीच्या एका आठवड्यात कुकीजच्या चुऱ्यात कशी मिळाली, त्याची ही हकीकत.

नाताळात लिटल हेरॉनमध्ये कुकीजची देवाणघेवाण होते. प्रत्येक घरची बाई एकाच जातीच्या ढीगभर कुकीज करते, सगळ्या जणी चर्चच्या तळघरात जमतात आणि एकमेकींच्या थोड्याथोड्या घेऊन घरी जातात. जाताना जेवढ्या नेल्या तेवढ्याच येतात, फक्त नाना जातींच्या. व्यवहार चोख. एवढ्या खाणार कोण, हा प्रश्न मात्र त्या व्यवहारात कुणी धरलेला नसतो. त्यामुळे नवं वर्ष उजाडतं तेव्हा गावातल्या प्रत्येक फ्रिजवर पत्र्याचे डबे चढलेले असतात आणि घरातला प्रत्येक माणूस त्यांच्याकडे न बघता दूध काढायला शिकलेला असतो.

ऑस्बींच्या बायकोने, आर्लिसबाईंनी, फीनिक्सला निघताना त्या डब्यांकडे बोट दाखवलं. धाकट्या मुलीला बाळ झालं होतं, आठवडाभर तिकडे राहायचं होतं.

“वेंडल, मी येईपर्यंत ते डबे रिकामे करून ठेव.”

“रिकामे म्हणजे?”

“म्हणजे टाकून दे. पोटात नको, कचऱ्यात. डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना?”

“चांगल्या कुकीज टाकायच्या?”

“चांगल्या असत्या तर उरल्या असत्या का?” असं म्हणून आर्लिसबाई विमानतळाकडे निघून गेल्या.

आता, ऑस्बी म्हणजे वाकडे खिळे हातोडीने सरळ करून बरणीत ठेवणारा माणूस. त्यांच्या गॅरेजमध्ये ज्या फ्रिजचं दार होतं, तो फ्रिज भंगारात जाऊन जमाना झाला होता. तेव्हा कुकीज टाकणं त्यांच्या हातून होण्यातलं नव्हतं. फोनवर शोधाशोध करता करता त्यांना एक हसतमुख तरुणी सापडली. तिचं स्वयंपाकघर इतकं स्वच्छ होतं की तिथे कधी स्वयंपाक झाला असेल असं वाटत नव्हतं. ती म्हणाली, उरलेल्या कुकीज कुटा, क्रीम चीजमध्ये मळा, गोळ्या वळा, चॉकलेटमध्ये बुडवा, झाली ट्रफलं तयार! ओव्हन नको, अनुभव नको, लहान मूलही करील.

लहान मूलही करील असं ज्या कामाबद्दल म्हणतात, ते मोठ्या माणसाने हाती घेऊ नये. जमलं तर कौतुक नाही आणि बिघडलं तर तोंड लपवायला जागा नाही. पण ही अक्कल नंतरची.

रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी चालू होती. चर्च उबदार ठेवणारा बॉयलर मरणपंथाला लागला होता आणि त्याच्या औषधपाण्यासाठी शनिवारी संध्याकाळी चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याचं, गावजेवण ठरलं होतं. दरवर्षी गोडाचं आर्लिसबाई बघत. त्या नाहीत म्हटल्यावर पास्टर चिंतेत पडले. “मग गोडाचं काय करायचं?”

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. “गोड माझ्याकडे लागलं,” ऑस्बी म्हणाले. “क्रीम चीजची ट्रफलं करतोय. स्वतः.”

ऑस्बींच्या शेजारच्या घरात राहणारा व्हर्डेल, जो गोठलेल्या तळ्यावर खोपटं टाकून मासे धरण्यात हिवाळा घालवतो, त्याला ठसका लागला आणि कॉफी नाकातून बाहेर आली. “वेंडल,” तो डोळे पुसत म्हणाला, “अरे, तू गेल्या वर्षी अंडं उकडताना पातेलं जाळलंस ना?”

“ते पातेलं सदोष होतं,” ऑस्बी म्हणाले.

गर्दीतून आयोनबाई स्कार पुढे आल्या. उंच, काठीसारख्या ताठ, चर्चच्या स्वयंपाकघराच्या सर्वेसर्वा. त्यांच्या परवानगीशिवाय त्या स्वयंपाकघरात माशीसुद्धा शिरत नसे. “माझ्या ओट्यावर जे येईल त्यावर लेबल पाहिजे,” त्या म्हणाल्या. “काय काय घातलंय आणि कुठून आलंय. बदामाने कुणाचा ओठ सुजला तर मी जबाबदार नाही. आणि क्रीम चीज थंडगार आलं पाहिजे. मी थर्मामीटर लावते.”

“अवश्य लावा,” ऑस्बी म्हणाले. “नियम म्हणजे नियम.”

“हो ना. तुम्हीच म्हणायचात,” आयोनबाई म्हणाल्या आणि वळल्या. त्यांच्या नवऱ्याला, एडविनला, ऑस्बींनी मागचा जिना तीनदा तोडायला लावला होता. एडविन दोन वर्षांपूर्वी वारला. जिना मात्र अजून खणखणीत उभा होता, आणि आयोनबाई रोज त्यावरून उतरताना कुणाची आठवण काढत असतील, त्याचा ऑस्बींनी विचार न करणंच पसंत केलं होतं.

सोमवारी सकाळी ऑस्बींनी ॲप्रन बांधला, आर्लिसबाईंचा फूड प्रोसेसर काढला आणि डबे ओट्यावर मांडले. लोण्याच्या कुकीजचा पाच मिनिटांत भुगा झाला. काकवीच्या कुकीजनीही तक्रार केली नाही. मग आल्या चांदण्या. मिरपूड आणि सुंठ घातलेल्या, चांदणीच्या आकाराच्या, तपकिरी, एकसारख्या, प्रत्येक टोक कंपासने आखल्यासारखं. ऑस्बींनी मूठभर आत टाकल्या आणि बटण दाबलं. यंत्रातून दगडफोडीसारखा आवाज आला, मग जळका वास आला आणि मग काहीच आलं नाही. झाकण उघडून पाहतात तो चांदण्या जशाच्या तशा आणि पातं वाकलेलं. आर्लिसबाईंच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाचा फूड प्रोसेसर त्यांच्या डोळ्यांदेखत गेला.

ऑस्बींनी डोकं शांत ठेवलं. चांदण्या फ्रीझरच्या जाड पिशवीत भरल्या, पिशवी गॅरेजच्या फरशीवर ठेवली आणि हातोडा उचलला.

तिसऱ्या घावाला समोरच्या मेव्हिसबाई धावत आल्या. घाईत नवऱ्याचे बूट घातलेले, डोक्यावर लोकरी टोपी. “अहो वेंडल! आता काय तोडताय? आमचा जिना नाही ना?”

“कुकीज,” ऑस्बी म्हणाले.

मेव्हिसबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि सल्ल्यांची पोतडी सोडली. क्रीम चीज आधी नरम करा. त्यात पुदिन्याचा अर्क घाला. नको, व्हॅनिला घाला. कोको घाला. मुख्य म्हणजे मिश्रण मऊ असू द्या, नाहीतर फुटतं. तेवढ्यात कुंपणावरून व्हर्डेल आला आणि त्याने सांगितलं की मऊ ठेवू नकोस, घट्ट ठेव, नाहीतर बसकण मारतं. आणि पुदिनाबिदिना काही नाही, रम घाल. चर्चमध्ये रम कशी घालणार, असं ऑस्बींनी विचारलं, तेव्हा व्हर्डेल म्हणाला की चर्चमध्ये नाही, ट्रफलात.

ज्याचं ऐकावं त्याने खड्ड्यात घालावं, अशी ऑस्बींची गत झाली. मेव्हिसबाईंसाठी त्यांनी मिश्रण मऊ केलं, ते वाटीतून वाहायला लागलं. व्हर्डेलसाठी त्यात कुकीज वाढवल्या, ते वाळूसारखं भुरभुरलं. म्हणून क्रीम चीज वाढवलं. म्हणून कुकीज वाढवल्या. वाटीतलं टोपात गेलं, टोपातलं टोमॅटो डबाबंद करायच्या प्रचंड पातेल्यात गेलं, आणि संध्याकाळी अशी वेळ आली की पातेल्यात कोपरापर्यंत क्रीम चीज आणि घरातल्या सगळ्या कुकीज संपलेल्या.

“मेव्हिसबाई,” ऑस्बी मान खाली घालून म्हणाले, “तुमच्याकडे थोड्या उरल्या असतील का?”

मेव्हिसबाईंच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला, तो पाहून ऑस्बींनी खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. “थोड्या?” त्या म्हणाल्या. “तुम्ही फक्त पोर्चचा दिवा चालू ठेवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑस्बींनी पुढचं दार उघडायचा प्रयत्न केला, तर ते उघडेना. दाराला पिशव्या टेकल्या होत्या. साऱ्या गल्लीने, आणि मागच्या गल्लीनेही, आपापल्या फ्रिजवरचं ओझं गुपचूप आणून त्यांच्या पोर्चवर ओतलं होतं. पत्र्याचे डबे, आइस्क्रीमचे खोके, एक तर चक्क उशीचा अभ्रा. गेले दोन आठवडे टाकायचं पाप नको आणि खायचीही नको अशा कात्रीत सापडलेलं सगळं गाव रात्रीतून मोकळं झालं होतं. आपल्या घरातला ढीग संपवायला निघालेल्या माणसाकडे आता अख्ख्या लिटल हेरॉनचा ढीग होता.

“परत करून टाक,” व्हर्डेलने सल्ला दिला.

“कुणाचं काय ते कसं कळणार?”

“मग कर आता. सगळ्या गावाला बोलला आहेस.”

ऑस्बींनी पिशव्या रिकाम्या केल्या. लोण्याच्या तीन-चार, काकवीच्या दोन-चार आणि बाकी चांदण्याच चांदण्या. उशीच्या अभ्र्यात तर निव्वळ चांदण्या होत्या, एकीलाही दात लागलेला नव्हता. तेव्हा त्यांना त्याचं काही वाटलं नाही. ते फक्त हातोडा चालवत राहिले. मंगळवार सगळा कुटण्यात गेला, बुधवार मळण्यात आणि वळण्यात. त्यांच्या गोळ्या मात्र देखण्या झाल्या. टेपने मोजल्या होत्या.

चॉकलेटने वेगळाच रंग दाखवला. ते वितळवताना ऑस्बींच्या कपाळावरचा घामाचा एक थेंब त्यात पडला, आणि रेशमासारखं वाहणारं चॉकलेट क्षणात आवळून चिखलाचा लगदा झालं. आर्लिसबाईंच्या कपाटातलं बेकिंगचं सगळं चॉकलेट त्या एका थेंबाने खाल्लं. मेव्हिसबाई म्हणाल्या, वरून दूध घाला. घातलं. लगद्याची खळ झाली. व्हर्डेल म्हणाला, त्याची आई चॉकलेटमध्ये मेण घालायची, त्याने चकाकी येते. आणि घरून नाताळची अर्धी जळालेली मेणबत्ती घेऊन आला. तिला देवदाराचा वास होता.

“हे खायचं मेण नाही, व्हर्डेल.”

“मेण ते मेण.”

“काँक्रीट ते काँक्रीट म्हणणाऱ्यांचे जिने मी पाडलेत,” ऑस्बी म्हणाले आणि गाडी काढून नवं चॉकलेट आणायला गेले. दुकानातल्या मुलीने गल्ल्यापाशी विचारलं, “पार्टी आहे का काका?” ऑस्बींनी उत्तर दिलं नाही. भुवयांना चॉकलेट लागलेलं असलं की माणसाने बोलू नये.

बुडवलेली ट्रफलं थंड करायला फ्रिजमध्ये जागा नव्हती. पण मिनेसोटात जानेवारीत फ्रिज हवाय कुणाला? ऑस्बींनी ताटंच्या ताटं मागच्या ओसरीवर नेऊन मांडली. बाहेर एवढा गारठा होता की श्वास मिशीवर गोठून बसत होता. थोड्या वेळाने एका खारीने कठड्यावरून उतरून एक ट्रफल उचललं, दोन्ही हातांनी फिरवून पाहिलं, चावायचा प्रयत्न केला, आणि जागेवर परत ठेवून दिलं. ऑस्बींच्या जिव्हारी हे फार लागलं. इतक्या वर्षांत त्यांचं काम असं नापास कुणी केलं नव्हतं.

मग व्हर्डेलने चव बघायला एक तोंडात टाकलं. कड्‌ असा आवाज आला. व्हर्डेल गप्प झाला, ही त्याची आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. मग त्याने तळहातावर काहीतरी थुंकलं. चॉकलेटमध्ये एक चांदणीचा तुकडा होता आणि तुकड्यात दाढेवर बसवलेली कॅप.

“गोठलं होतं,” ऑस्बी म्हणाले. “घरातल्या उबेला ठेवलं की मऊ होतं.”

“टुकडा गोठलेला नव्हटा,” व्हर्डेल बोबड्या आवाजात म्हणाला. “ह्या टांडण्या कोणाट्या आहेट रे?”

पण ऑस्बींना तेव्हा वेगळी चिंता होती. ते लेबल घेऊन आयोनबाईंच्या दारात गेले होते आणि हात हलवत परत आले होते. लेबलावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: कुकीज, क्रीम चीज, चॉकलेट. आयोनबाईंनी ते चष्म्यातून वाचलं, चष्म्यावरून वाचलं आणि परत दिलं.

“कुकीज हे काय साहित्य झालं?”

“म्हणजे?”

“घराच्या नकाशावर कुणी नुसतं ‘लाकूड’ लिहून आणलं असतं, तर केलं असतंत पास?”

ऑस्बींनी ते केलं नसतं. एकदा एकाने असं आणलं होतं आणि त्यांनी तो कागद त्याच्यासमोर टराटरा फाडला होता.

तेव्हा गुरुवारी ऑस्बी पेन घेऊन दारोदार निघाले. पहिलं घर मेव्हिसबाईंचं. त्यांच्या लोण्याच्या कुकीजचं नाव सगळ्या काउंटीत होतं.

“मेव्हिसबाई, तुमच्या कुकीजमध्ये काय काय असतं?”

“लोणी,” मेव्हिसबाई म्हणाल्या. “साखर. मैदा. आणि प्रेम.”

“त्यात बदाम असतो का?”

“प्रेमात?”

“कुकीत.”

मेव्हिसबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. “असेल. नसेलही.”

“तुमच्या कुकीज, आणि तुम्हाला माहीत नाही?”

त्यांनी ऑस्बींना बाही धरून आत ओढलं आणि दार लावलं. कपाळाला आठ्या, गाल लालबुंद. “कुणाला बोलणार नाही ना? हायवेवर पेट्रोलपंपाच्या पुढे ती बेकरी आहे ना... मी तिथून आणते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी एकदाच म्हणून आणल्या, आणि सगळ्या म्हणाल्या, मेव्हिस, यंदा तर कमालच झाली! मग परत स्वतःच्या कशा करणार? कडा जरा सुरीने वेड्यावाकड्या करते, घरच्या वाटाव्यात म्हणून. हे घ्या खोकं, ह्यावर सगळं छापलंय. आणि काही झालं तरी आर्लिसला सांगू नका. तिच्या हातच्या काकवीच्या कुकीजपुढे मला मान वर करता येणार नाही.”

ऑस्बी भारावलेल्या मनाने घरी आले. आपली बायको तरी अस्सल आहे ह्या समाधानात त्यांनी फीनिक्सला फोन लावला.

“आर्लिस, तुझ्या काकवीच्या कुकीजमध्ये काय असतं?”

तिकडे बाळाचं रडणं ऐकू आलं. “तू अजून टाकल्या नाहीस?”

“लेबल करायचंय. सांग ना.”

“वेंडल, हायवेवर एक बेकरी आहे...”

ऑस्बी खुर्चीत बसले. “कडा सुरीने वाकड्या करतेस?”

“तुला कुणी सांगितलं?”

“पण दर डिसेंबरात तू दिवसभर स्वयंपाकघरात असतेस! घरभर वास सुटतो! मी बाहेर सोफ्यावर बसून...”

“दालचिनी आणि लवंग पाण्यात उकळत ठेवते,” आर्लिसबाई म्हणाल्या. “आणि टेबलाशी बसून कोडी सोडवते. माझं मनगट दुखतं रे. आणि तुला तो वास एवढा आवडतो. मेव्हिसला मात्र कळू देऊ नकोस हं. ती बिचारी सगळं हाताने करते.”

ऑस्बींनी फोन ठेवला. साऱ्या काउंटीचे पाये खणून बघितले, स्वतःच्या घराचा तेवढा राहिला.

बाकीच्या घरीही तेच झालं. आधी लोणी-साखर-प्रेम, मग दार बंद, मग बेकरी, मग ‘अमकीला सांगू नका’. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, इथे घरोघरी एकच चूल निघाली आणि तीही हायवेवर. सगळ्या बायका वर्षानुवर्षं चर्चच्या तळघरात जमून त्याच एका बेकरीच्या कुकीज एकमेकींना देत होत्या आणि ‘कसं गं जमतं तुला’ म्हणत माना डोलावत होत्या.

संध्याकाळी ऑस्बी स्वयंपाकघरात बसले आणि तेव्हा त्यांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. चांदण्या कुणीच आपल्या म्हटल्या नव्हत्या. चांदण्या कुठल्याही खोक्यावर छापलेल्या नव्हत्या. सगळ्या गावात एकच बाई खरोखर पीठ मळत होती, कंपासने आखल्यासारखी टोकं काढत होती आणि घरोघर देत होती. आणि तिच्याच तेवढ्या, घरोघरी, एकही न खाल्ली जाता, उरल्या होत्या. एका घरी तर उशीच्या अभ्र्यात भरून.

गावात विचारायचं एकच दार राहिलं होतं, आयोनबाईंचं. त्यांच्या दारी साहित्य विचारायला ऑस्बी गेले नाहीत. मिरी आणि सुंठ त्यांना चवीवरून कळली. बाकीचं विचारायचा धीर झाला नाही.

शनिवारी त्यांनी ट्रफलं व्हर्डेलच्या माशांच्या बर्फपेटीतून चर्चमध्ये नेली. पेटी तीनदा धुतली होती, तरी झाकण उघडताच तळ्याची मंद आठवण येत होती. आयोनबाईंनी थर्मामीटर खुपसला, आकडा वाचला आणि तो पुसून ठेवला. मग लेबल घेतलं. मैदा, लोणी, साखर, काकवी, मिरी, सुंठ, बदाम असण्याची शक्यता. आणि शेवटी, कुकीज गावातल्या घराघरांतून आलेल्या.

“‘आलेल्या’,” आयोनबाईंनी वाचलं. “‘केलेल्या’ नाही?”

“आलेल्या,” ऑस्बी म्हणाले.

आयोनबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “हं, बेकरीतून,” त्या म्हणाल्या आणि ताट ओट्यावर सरकवलं.

चिलीची पातेली खरवडून झाली आणि ट्रफलं बाहेर गेली. ऑस्बी स्वयंपाकघराच्या दाराआड उभे राहून बघत होते. पहिली पाच मिनिटं सगळे नुसते चघळत होते. मग कुणीतरी दुसरं मागितलं. मग पास्टर स्वतः उठून आले आणि खिशात दोन टाकून गेले. क्रीम चीजमध्ये मुरून आणि तळघराच्या उबेला ट्रफलं मऊ झाली होती, आणि आत, क्रीम चीजच्या गोडव्यात, मिऱ्याचा एक हळू चटका होता जो गिळल्यावर कळायचा. ताटं परत येऊ लागली ती रिकामी. ऑस्बींची छाती आठवड्यात पहिल्यांदा बटणं ताणू लागली.

मागे वळून पाहतात तो आयोनबाई ओट्याशी उभ्या. हातात अर्धं खाल्लेलं ट्रफल.

“हे माझं मिरं आहे,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“किती आहे ह्यात माझं?”

ऑस्बींनी शेकडो लोकांना त्यांच्या तोंडावर ‘तोडा’ म्हणून सांगितलं होतं आणि कधी जीभ अडखळली नव्हती. आता अडखळली. “बहुतेक सगळं,” ते शेवटी म्हणाले.

आयोनबाईंनी उरलेलं अर्धं तोंडात टाकलं, सावकाश चावलं. “म्हणजे कुणीच खाल्ल्या नाहीत.”

‘खाल्ल्या तर, हे फक्त उरलेसुरले तुकडे’ असं म्हणता आलं असतं. बाहेर सगळं गाव दरवर्षी तेच म्हणत होतं. “नाही खाल्ल्या,” ऑस्बी म्हणाले. “फार कडक होतात आयोनबाई. व्हर्डेलची दाढ गेली.”

हातातला चुरा आयोनबाईंनी ॲप्रनला पुसला. “एडविनला तशाच लागायच्या. कॉफीत बुडवून. मऊ कुकी कॉफीत विरघळते आणि तळाशी गाळ बसतो, ते त्याला खपायचं नाही. तो गेला, पण मला दुसरं माप येतच नाही. मी आपली त्याच मापाने करते. सगळ्या म्हणतात, छान झाल्यात. मला वाटायचं, असतील.”

बाहेरून कुणीतरी ओरडलं, “ट्रफलं अजून आहेत का?”

आयोनबाईंनी शेवटचं ताट उचललं आणि ऑस्बींनी थांबवायच्या आत दार ढकलून बाहेर गेल्या. तळघर गप्प झालं. आयोनबाई बोलणार म्हटलं की ते होतंच.

“ही ट्रफलं तुम्हाला आवडली, बरं वाटलं,” त्या म्हणाल्या. “ही माझ्या मिरीच्या कुकीजची आहेत. बाकीच्यांच्या ह्यात फारशा नाहीत. त्यांच्या घराघरांतच संपल्या. बेकरीच्या कुकीज संपतात लवकर.”

मेव्हिसबाईंचा चमचा अर्ध्या वाटेत थांबला. टेबलाटेबलांवर बायका आपापल्या कपांत काहीतरी शोधू लागल्या, आणि पुरुष, ज्यांना काहीच माहीत नव्हतं, बायकांकडे बघू लागले. पास्टरांनी छताकडे पाहिलं. तिथून मदत येण्याची त्यांना सवय होती. आली नाही.

मग मेव्हिसबाई उभ्या राहिल्या. मान आखडलेली, गाल लाल. “आयोन,” त्या म्हणाल्या, “मला शिकवशील? मला कुकीज येत नाहीत गं. कधीच नीट येत नव्हत्या.”

“गुरुवारी ये,” आयोनबाई म्हणाल्या. “ॲप्रन आण. नखं कापून ये.”

“मी येऊ?” मागच्या टेबलावरून दुसरी म्हणाली. आणि मग तिसरी. बघता बघता गुरुवार भरला.

जेवण उरकल्यावर भांडी घासायचं काम, अर्थातच, ऑस्बींकडे आलं. ते सिंकशी उभे राहून चिलीचं करपलेलं पातेलं घासत होते, तेव्हा आयोनबाई दोन कप कॉफी घेऊन आल्या आणि पर्समधून एक छोटा डबा काढला. आत चांदण्या होत्या.

“हात पुसा,” त्या म्हणाल्या. “अशी धरा. टोकाने नाही, मधे. बुडवा. आता थांबा.”

ऑस्बी थांबले.

“अजून थांबा. घाई करू नका. एडविनही आधी घाई करायचा.”

“आता?”

“आता.”

ऑस्बींनी चावलं. चांदणी मोडली नाही, विरघळली नाही. ती फक्त हळूच सुटली, आणि सुंठ, मिरी, कॉफी सगळं एकदम घशातून छातीपर्यंत उतरत गेलं. बाहेरच्या त्या थंडीत, तो बॉयलर बंद पडायच्या बेतात असताना, ह्याहून योग्य वस्तू जगात असेल असं त्यांना वाटलं नाही.

“बरी लागते,” ते म्हणाले.

“बरी?”

“छान लागते.”

“मला खूश करायला बोलू नका. तुमच्याकडून ते नको.”

“आयोनबाई,” ऑस्बी म्हणाले, “मी आजवर कुणाला खूश करायला काही बोललेलो नाही. गावात विचारा.”

हे खरं होतं, ह्याबद्दल आयोनबाईंच्या मनात काहीच शंका नव्हती. त्यांनी डबा दोघांच्या मधे ओट्यावर ठेवला आणि स्वतःसाठी एक काढली. बाहेर लोक आपापली झाकणं आणि पळ्या मागत होते, कुणीतरी दार वाजवत होतं. पण दोघांच्याही हातात चांदण्या कॉफीत बुडवलेल्या होत्या, आणि तेवढ्यात हात काढून चालण्यासारखं नव्हतं.